खर्जाची तार ऐकू येते का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक एकाच विषयावरची होती: गाणं मन लावून ऐकण्यासाठी पहिला चांगला हेडफोन.

प्रश्न : रोज रात्री जेवणं आटोपली की दोन तास गाणं ऐकतो. ख्याल, नाट्यसंगीत, अधूनमधून अभंग. आजवर फोनबरोबर आलेल्या इअरफोनवर भागवलं. आता एकदाच वीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. नव्या फोनला जॅक नाही, मला चष्मा आहे. कोणता घ्यावा? (सातारा)

उत्तर : आधी खोलीचा विचार करा. ओपन-बॅक हेडफोनच्या वाट्यांना मागून जाळी असते. त्यामुळे आवाज कोंडत नाही, तंबोरा डोक्याच्या आत न घुमता कानांच्या आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो, आणि दोन तासांनीही कान फारसे उकडत नाहीत. पण पंख्याची घरघर थेट आत येते आणि तुमचा मालकंस शेजारच्या पलंगावरही ऐकू जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये दोन्ही बाजूंनी बंदोबस्त असतो. त्याची किंमत मात्र उकाड्यात मोजावी लागते, आणि बंद वाटीत खालचा आवाज थोडा फुगण्याची शक्यता असते.

रात्रीची वेळ, शांत गाव आणि ख्याल हे धरलं तर आमचा कौल ओपन-बॅकला. तुमच्या रकमेत सेनहायझरचा एचडी ५६०एस सहसा बसतो. वजन केबल सोडून २४० ग्रॅम, पॅड मखमली, आणि १२० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असूनही फोनवर सहज वाजतो. त्याच घराण्यातला एचडी ६०० (हा १९९७ पासून बाजारात आहे) गळ्याच्या आवाजासाठी आम्हाला अधिक आवडतो, पण तो बहुधा तुमच्या हद्दीबाहेर जाईल. खोलीत दुसरं कोणी झोपत असेल तर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोची ८० ओहमची आवृत्ती किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स पाहा. पहिल्याचे पॅड फार आरामाचे, पण वरचा आवाज थोडा धारदार. दुसऱ्याचा आवाज सरळ, पण पॅड उथळ, त्यामुळे मोठ्या कानांना आतली जाळी टेकते. त्याच कंपनीच्या एम५०एक्सची शिफारस सगळीकडे होते, पण त्यात खालचा आवाज उचललेला आहे. सिनेसंगीताला तो शोभतो, विलंबित ख्यालाला आम्ही एम४०एक्सच घेऊ.

दुकानात जाल तेव्हा स्वतःचा फोन न्या. त्यात तोंडपाठ झालेली तीन ध्वनिमुद्रणं सर्वोच्च दर्जावर आधीच उतरवून ठेवा: एक पुरुष गायकाचा विलंबित ख्याल, एक स्त्री आवाज, आणि टाळ असलेला एक अभंग. फोनमधला इक्वलायझर आणि ‘सराउंड’ नावाची सगळी बटणं बंद करा.

ख्यालात सुरुवातीचा नुसता तंबोरा ऐका. गायकाचा सा काळी एक असेल तर जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्ज, म्हणजे चौथी, सर्वांत खालची तार, ६९ हर्ट्झला लागतो. चांगल्या हेडफोनवर चौथी तार छेडलेली वेगळी कळते, आणि तिच्यातून वर उठणारी जवारी, म्हणजे तारेची झणझणही. खालचा आवाज दुबळा असेल तर तंबोऱ्याची नुसती गुणगुण उरते, उशाशी डास फिरावा तशी. तोच फाजील असेल तर तबला सुरू झाल्यावर बायाँचा (डग्ग्याचा) घुमारा खर्जावर आणि गायकाच्या मंद्र सप्तकावर सांडतो. बायाँवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतलेली असते तिथे स्वर चढताना ऐकू आला पाहिजे, नुसता ‘धम्म’ नव्हे.

मग स्त्री आवाज. तार सप्तकातल्या दाणेदार तानेत हार्मोनियम आणि गळा एकमेकांत मिसळतात का ते पाहा. ‘स’ आणि ‘श’ फुसफुसत असतील तर तो हेडफोन साधारण ६ ते ९ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जास्तच उजळ आहे. अभंगातले टाळ हीच गोष्ट आणखी निर्दयपणे दाखवतात: पहिल्या दोन मिनिटांत ‘वा, काय स्वच्छ!’ वाटतं आणि विसाव्या मिनिटाला हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. म्हणून कोणताही हेडफोन सलग वीस मिनिटं तरी डोक्यावर ठेवल्याशिवाय हो म्हणू नका.

आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो जरासा मोठा वाजतो तो कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. एक-दोन डेसिबलचा फरकही फसवायला पुरतो, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. नुसता तंबोरा लावून आधी दोन्ही पातळ्या जुळवा, मग गाणं लावा.

चष्म्याची काडी पॅडखाली फट पाडते आणि त्या फटीतून खालचा आवाज निसटतो, विशेषतः क्लोज्ड-बॅकमध्ये. चष्मा काढून आणि घालून तोच तुकडा ऐका. फरक ठळक असेल तर पातळ काडीची फ्रेम किंवा मऊ पॅडचा हेडफोन, दोनच मार्ग.

जॅक नसलेल्या फोनला यूएसबी-सी अडॅप्टर लागेल. त्यात डॅक, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनलॉग करणारी चिप, असलेलाच घ्या. नुसता वायरी जोडणारा स्वस्त अडॅप्टर पुष्कळ फोनवर मुका राहतो. शिवाय एचडी ५६०एसची केबल ३ मीटर लांब आणि प्लग ६.३५ मिमीचा असतो. सोबत ३.५ मिमीचा जोड मिळतो, पण सगळा डोलारा फोनच्या नाजूक सॉकेटला लटकत ठेवू नका. फोन टेबलावर ठेवा.

प्रश्न : जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा असं समजून डीटी ७७० प्रोची २५० ओहमची आवृत्ती घेतली. फोनवर आवाज अगदी बारीक येतो. ॲम्प्लिफायर घ्यावा की हेडफोन बदलावा? (नाशिक)

उत्तर : ओहम हा दर्जाचा आकडा नाही. स्टुडिओतल्या यंत्रांना साजेसा म्हणून २५० ओहमचा पर्याय दिला जातो. १ व्होल्ट देणाऱ्या अडॅप्टरवर हा हेडफोन साधारण १०२ डेसिबलपर्यंत पोहोचतो, ८० ओहमचा १०७ पर्यंत. म्हणजे फरक सुमारे ५ डेसिबलचा, आकाश-पाताळाचा नाही. तुमचा आवाज ‘अगदी बारीक’ येत असेल तर अडॅप्टर १ व्होल्टपेक्षा बराच कमी देत असणार, किंवा फोनमध्ये आवाजाच्या मर्यादेची सेटिंग चालू असणार. आधी ती सेटिंग पाहा, मग मित्राकडचा दुसरा अडॅप्टर लावून बघा.

तरीही कमीच पडलं तर २ व्होल्ट देणारा छोटा यूएसबी डॅक-ॲम्प घ्या. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढतात. त्याहून मोठ्या, टेबलावरच्या ॲम्पची तुम्हाला गरज नाही. पुरेशा पातळीला पोहोचल्यावर महाग ॲम्प गाण्यात जी भर घालतो ती हेडफोन बदलल्याने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ असते.

प्रश्न : वडिलांचा जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर आहे, त्याला मोठा हेडफोन जॅक आहे. तो वापरला तर चालेल ना? (कोल्हापूर)

उत्तर : कोणता हेडफोन लावणार यावर अवलंबून. पुष्कळ जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनसाठी वेगळं सर्किट नसतं. स्पीकरचाच आवाज शंभर ते काहीशे ओहमच्या रेझिस्टरमधून जॅकला दिलेला असतो. हेडफोनचे ओहम जॅकच्या ओहमच्या निदान आठपट असावेत असा संकेत आहे. इथे तो पाळला जात नाही, आणि परिणाम हेडफोनगणिक बदलतो. एचडी ६०० चा अवरोध (ओहमचा आकडा) नावाला ३०० असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो बराच वर चढतो. अशा जॅकवर त्याचा खालचा आवाज थोडा गुबगुबीत होतो, आणि काहींना तो आवडतोही. ३२ ओहमच्या आसपासच्या हेडफोनवर मात्र हा फरक जास्त बोचू शकतो, तो फोनच्या अडॅप्टरवरच वाजवा. लावताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. जुन्या व्हॉल्यूमच्या बटणात धूळ असेल तर फिरवताना खरखर होते, ती कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

प्रश्न : डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास. ब्लूटूथवर ‘खरं’ संगीत ऐकू येतच नाही असं मित्र म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर : मित्रांना लोकलमध्ये ओपन-बॅक लावून बसवा. गाडीच्या खडखडाटात गाण्यातले बारकावे बुडतात ते ब्लूटूथमुळे नव्हे, आणि माणूस आवाज वाढवत जातो ते वेगळंच. तुमच्यासाठी नॉइज कॅन्सलिंगवाला क्लोज्ड ब्लूटूथ हेडफोन हीच योग्य निवड. हे तंत्र खालच्या, सलग आवाजावर चालतं: चाकांची घरघर, पंखा, एसी. शेजारच्या गप्पा आणि ‘पुढील स्टेशन’ त्यातून गाळले जात नाहीत.

कोडेकची, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीची, चिंता कमी करा. सर्वांत साधा एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला इतके किलोबिट) जातो, आयफोन एएसी वापरतो. एलडीएसी ९९० पर्यंत जातो खरा, पण दादरच्या गर्दीत स्वयंचलित सेटिंगवर तो बहुधा ३३० लाच उतरलेला असतो. खरा तोटा वेगळा आहे. यात बॅटरी बंदिस्त असते आणि काही वर्षांनी ती थकते. वायरच्या हेडफोनला पॅड आणि केबल बदलत राहिलं तर तो कितीतरी जास्त टिकतो. म्हणून मोठी रक्कम घरच्या वायरीच्या हेडफोनवर घाला, प्रवासासाठी मधला घ्या.

प्रश्न : नवा हेडफोन घेतल्यापासून जुन्या तबकड्यांची गाणी आधीपेक्षा वाईट वाटतात. हेडफोन खराब आहे का? (मिरज)

उत्तर : हेडफोन चांगला आहे म्हणूनच असं होतंय. आपल्याकडे १९०२ पासून गाणी तबकड्यांवर घेतली जाऊ लागली. साधारण १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात गायचा आणि कर्ण्याच्या टोकाची सुई मेणावर रेघ कोरायची. अशा मुद्रणात वर जेमतेम दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज उतरतो, खाली खर्ज नाहीच. विजेवरचं मुद्रण आलं तसा हा पट्टा रुंदावला. अब्दुल करीम खाँ यांचं १९०५ चं मुद्रण आणि १९३० च्या दशकातलं एक, पाठोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

त्या पट्ट्याच्या वर तुमचा हेडफोन जे ऐकवतो ते गाणं नव्हे, सुईची खरखर आहे. उपाय सोपा: इक्वलायझरमध्ये ५ हजार हर्ट्झच्या वरचं सारं ६ ते १० डेसिबलने उतरवा आणि आवाज मोनो करा, फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये तो पर्याय असतो. तबकडी स्टीरिओ पिकअपने उतरवली असेल तर दोन्ही कानांत वेगवेगळी खरखर येत असते, मोनो केल्यावर ती बरीच कमी होते. एवढं करून सूर भलत्याच पट्टीत वाटला तर तबकडी चुकीच्या गतीने फिरवून उतरवली असण्याची शक्यता आहे, त्यात हेडफोनचा दोष नाही.

प्रश्न : जुन्या स्टीरिओ एलपींमध्ये तबला पूर्ण एकाच कानात येतो, डोकं दुखतं. (पणजी)

उत्तर : स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही थोडा उशिरा, थोडा मंद पोहोचतो. हेडफोनवर तो पोहोचतच नाही. ज्या प्लेयर ॲपमध्ये ‘क्रॉसफीड’, म्हणजे एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात मिसळण्याची सोय, आहे ते वापरा आणि मात्रा कमीत कमी ठेवा. नसेल तर बॅलन्सला हात लावू नका, मोनो बरा.

प्रश्न : शंभर तास ‘बर्न-इन’ केल्यावरच, म्हणजे नुसता वाजवत ठेवून मुरवल्यावरच, हेडफोन खुलतो, खरं का? (पुणे)

उत्तर : बहुतांशी तुमचा कान रुळतो आणि पॅड दबून चपखल बसतात. परत करण्याची मुदत संपेपर्यंत वाट बघायला लावणारा सल्ला घेऊ नका.

प्रश्न : मुंबईच्या हवेत रेक्झिनच्या पॅडचे पापुद्रे निघून कानाला चिकटतात. (विलेपार्ले)

उत्तर : घाम आणि दमट हवा, दोन-तीन वर्षांत हे होतंच. ऐकून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा. स्पिरिट, सॅनिटायझर लावू नका, रेक्झिन तडकतं. बदलताना त्याच कंपनीचे मूळ पॅड घ्या. जाडी किंवा भोकांची जाळी बदलली की आवाजही बदलतो, ‘तोच हेडफोन आता वेगळा वाजतो’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. पॅड काढलेच आहेत तर आत पडद्यावर केस अडकलेला नाही ना, तेही पाहा. खालच्या स्वरांना एकाच बाजूने येणारी बारीक थरथर पुष्कळदा एका केसाची असते.

प्रश्न : महिनाभरातच डाव्या बाजूचा आवाज कमी झाला. दुकानदार दाद देत नाही. (अहिल्यानगर)

उत्तर : भांडण्याआधी तीन गोष्टी क्रमाने करा. फोनचा आवाज मोनो करा आणि बॅलन्स मधोमध आहे का पाहा. मग प्लग पूर्ण आत दाबून जागच्या जागी फिरवा. आवाज येऊन-जाऊन झाला तर दोष प्लगचा किंवा अडॅप्टरचा, दुसऱ्या यंत्रावर लावून खात्री करा. शेवटी हेडफोन उलटा घाला, डावी वाटी उजव्या कानावर. आता उजव्या कानात कमी ऐकू आलं तर हेडफोनच दोषी, पावतीसकट जा. तरीही डाव्याच कानात कमी वाटलं तर कानात मळ साचलेला असू शकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, दुकानदाराला नको.