तुळशी पाइप रोडमधली तुळस नेमकी कुठली?

तुम्ही विचारलंय की दादरच्या तुळशी पाइप रोडला हे नाव कशावरून पडलं, आणि फुलबाजारात हार घेताना एका मावशींनी सांगितलं की इथे पहाटे तुळशीच्या जुड्या विकायला येतात म्हणून, तर ते खरं का. मावशींचं उत्तर मला फार आवडलं पण मग पाइपाचं काय करायचं, तो कुठे गेला?

तर ही तुळस म्हणजे झाड नाहीच, तो तलाव आहे. तुळशी तलाव, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, विहार तलावाच्या जवळच. विहारचं पाणी मुंबईला १८६० मध्ये आलं, ते थोड्याच वर्षांत पुरेना, मग तुळशीला धरण बांधायचं काम काढलं आणि १८७९ मध्ये तिथून मलबार हिलच्या टाकीपर्यंत पाणी आणलं. ते पाणी आणणारा मोठा नळ म्हणजे तुळशी पाइप आणि रेल्वे लाइनला चिकटून जाणारा हा रस्ता म्हणजे तुळशी पाइप रोड, इतकं सरळ आहे. अशी नावं मुंबईला नवीन नाहीत, कुर्ल्याला नुसता पाइप रोड आहे, तिथे कुणाला तुळस आठवत नाही!

मावशी का फसल्या ते मात्र बघण्यासारखं आहे, कारण त्यात चूक त्यांची नाही, मराठीची आहे. आपण तुळस म्हणतो, पण पुढे काही जोडायचं झालं की तुळशी होतं, तुळशीचं रोप, तुळशीची माळ, तुळशीबाग, तुळशीवृंदावन. त्यामुळे तुळशी पाइप ऐकलं की कानाला ते विशेषनाम वाटतच नाही, तुळशीबागेसारखा समास वाटतो, म्हणजे तुळशीचा पाइप. हिंदी बोलणारा टॅक्सीवाला तुलसी पाइप म्हणतो, त्याच्या भाषेत झाडाचं नाव आणि तलावाचं नाव एकच. आणि त्यात भर म्हणून फुलबाजार नेमका याच रस्त्यावर, मग काय, गोष्ट तयार.

आता पाटीवर काय आहे ते तुम्हाला माहीतच असेल, सेनापती बापट मार्ग. इथे मला दर वेळी गंमत वाटते. बापटांना सेनापती ही पदवी मिळाली ती मुळशीच्या सत्याग्रहात, १९२१ मध्ये टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणार होत्या त्या मावळच्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले होते. म्हणजे तुळशीच्या धरणावरून नाव पडलेल्या रस्त्याला मुळशीच्या धरणाला विरोध करणाऱ्याचं नाव दिलं गेलं. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, पण तुळशी जाऊन मुळशी आली हे खरं.

पण आली म्हणजे पाटीवर आली. बोलण्यात एकतर तुळशी पाइप राहिलं नाहीतर एस. बी. मार्ग झालं, आणि हे दुसरं मला जास्त खटकतं, कारण जुनं नाव राहिलं तर निदान तलाव तरी राहतो, एस. बी. मध्ये ना सेनापती ना बापट. स्वामी विवेकानंदांचं एस. व्ही. रोड, लालबहादूर शास्त्रींचं एल. बी. एस., सगळ्यांची हीच गत. आदर म्हणून लांबलचक नाव द्यायचं आणि मग तेच लांब म्हणून इंग्रजी आद्याक्षरं करायची. याउलट रानडे रोड, गोखले रोड बघा, छोटी नावं, पुढे मार्ग न लावता साधं रोड, ती जशीच्या तशी तोंडात बसली. आणि आंबेडकर रोडचंही तसंच, ते नाव लोकांनी मनापासून घेतलं, पूर्वीचं व्हिन्सेंट रोड आता किती जणांना आठवतं?

तुम्ही जाता जाता कॅडल रोडचं पण विचारलंय. मी लहानपणी ते कँडल रोडच समजायचो, कारण तिकडून पुढे माहीमचं चर्च आणि बुधवारी तिथे मेणबत्त्यांची ही गर्दी, मला वाटायचं झालं, कोडं सुटलं :) म्हणजे मावशींचं आणि माझं डोकं एकाच रस्त्याने चालतं. प्रत्यक्षात कॅडल नावाचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, पॅट्रिक कॅडल, त्यांचं नाव. आता तो सावरकर मार्ग.

आणि एल. जे. रोडमधला एल. म्हणजे लेडी, हे दादरच्या नव्या पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. लेडी जमशेदजी, म्हणजे सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी. वांद्र्याहून माहीमला यायला पूर्वी होडी लागायची, तिथे बांध घालायला या बाईंनी दीड लाखाच्या वर रुपये दिले, आणि अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. बाईंचं नाव आवाबाई. पण रस्त्याच्या नावात आवाबाई कुठेच नाही, नवऱ्याच्या नावाला लेडी जोडून झालेलं नाव आहे ते, आणि मग त्याचंही एल. जे. करून टाकलं. टोल भरताना मला त्यांची हमखास आठवण येते.

 

आता राहिलं ते दादर टी. टी., रेल्वेशी त्याचा काही संबंध नाही, तिथे ट्राम संपायची, म्हणून ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, चौकाचं नाव खोदादाद सर्कल आहे, पण कंडक्टरकडे कुणी खोदादादचं तिकीट मागितलेलं मी तरी ऐकलं नाही, सगळे टी. टी. च म्हणतात.