वीज गेली, विमानतळ थांबला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

२० मार्च २०२५ च्या रात्री पश्चिम लंडनमधल्या नॉर्थ हाइड वीज उपकेंद्राला आग लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हीथ्रो विमानतळ बंद राहिला. १,३०० हून अधिक उड्डाणे आणि दोन लाखांवर प्रवासी यात अडकले. मुलाबाळांकडे परदेशी जाणाऱ्या वाचकांनी त्यावर विचारलेले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : हीथ्रोला तीन ठिकाणांहून वीज मिळते असे वाचले. मग एक ठिकाण गेल्यावर उरलेल्या दोनांवर काम का भागले नाही? (वाचक, चिंचवड)

उरलेल्या दोन ठिकाणी वीज होती आणि पुरेशीही होती. पण विमानतळाच्या आतली वाहिन्यांची मांडणी अशी होती की प्रत्येक ठिकाणाची वीज आपापल्या भागाला जायची. नॉर्थ हाइडवर चालणारा भाग दुसऱ्या ठिकाणावर घ्यायचा, तर आतले स्विच टप्प्याटप्प्याने बदलावे लागतात, आणि त्याला दहा-बारा तास लागणार हे आधीपासून माहीत होते.

एवढा वेळ का लागतो? आधी बिघडलेला भाग पूर्ण तोडून त्याला अर्थिंग करावे लागते. नाहीतर नवी वीज थेट बिघाडात जाते, किंवा उलट्या वाटेने जाऊन दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवावर बेतते. मग एकेक भाग जोडायचा, केबलवर भार किती आला ते पाहायचे आणि मगच पुढचा भाग घ्यायचा. वीज आल्यावरही टर्मिनल लगेच उघडता येत नाही. आगीची सूचना देणारी यंत्रणा, लिफ्ट, बॅगांचे पट्टे, पासपोर्ट तपासणीचे संगणक अशा शेकडो यंत्रणा एकामागून एक सुरू करून तपासाव्या लागतात. आगीची घंटा चालत नसेल तर त्या इमारतीत हजारो माणसे घेता येत नाहीत.

मूळ कारणही समजून घेण्यासारखे आहे. तुमच्या गल्लीतल्या रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) डोक्यावर तपकिरी चिनी मातीच्या चकत्या एकावर एक रचल्यासारखे छोटे खांब दिसतात. ते बुशिंग. उच्च दाबाची तार त्यातून रोहित्राच्या तेलाच्या टाकीत शिरते आणि टाकीच्या लोखंडाला वीज लागू न देणे हे त्याचे काम. नॉर्थ हाइडला २,७५,००० व्होल्टच्या रोहित्रावरचे असेच, पण खूप मोठे बुशिंग फुटले. ब्रिटनच्या वीजयंत्रणा-नियंत्रक संस्थेने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार बहुधा आत ओल शिरली होती. ओलीमुळे आतल्या आवरणाची वीज अडवण्याची ताकद घटते, ठिणगीचा लोळ उठतो आणि रोहित्रातले तेल पेटते. आगीमुळे शेजारचे रोहित्रही बंद पडले आणि पुरवठाच गेला.

जुलै २०१८ मध्येच त्या बुशिंगच्या तेलाच्या नमुन्यात ओलीचे प्रमाण फार वाढलेले सापडले होते. बुशिंग बदलायला हवे, असा उपकेंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे त्याचा अर्थ होता. ते बदलले गेले नाही. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. दुखण्याचे निदान जवळजवळ सात वर्षे आधीच हातात होते.

अटलांटा विमानतळावर १७ डिसेंबर २०१७ रोजी याहून वेगळी चूक उघडी पडली. तिथे जमिनीखालच्या विद्युत केंद्रात आग लागली आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबल तिथूनच जात असल्याने त्याही जळाल्या. जगातला सर्वाधिक वर्दळीचा विमानतळ सुमारे अकरा तास अंधारात होता. वाट एकच असेल तर दुसऱ्या केबलचा उपयोग नाही.

प्रश्न : मोठ्या रुग्णालयातसुद्धा जनरेटर असतो. विमानतळाकडे नसतो का? (वाचक, सांगली)

असतो, पण तो जिवाच्या सुरक्षेपुरता. धावपट्टीचे दिवे, नियंत्रण मनोरा, रडार, आणीबाणीचे दिवे हे त्यावर चालतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे साध्या हवामानातल्या उतरणीसाठी धावपट्टीचे दिवे जास्तीत जास्त १५ सेकंदांत परत लागले पाहिजेत. दाट धुक्यात उतरताना मधल्या रेषेच्या दिव्यांना फक्त १ सेकंद मिळतो. डिझेल इंजिन एका सेकंदात सुरू होऊन भार घेऊ शकत नाही, म्हणून अनेक विमानतळ धुक्यात आधीच जनरेटरवर चालतात आणि बाहेरची वीज राखीव ठेवतात. हीथ्रोलाही हे सगळे व्यवस्थित चालले.

पण टर्मिनलमधली वातानुकूलन यंत्रे, सरकते जिने आणि कित्येक किलोमीटरचे बॅगांचे पट्टे मिळून मागणी एका छोट्या शहराएवढी होते. तेवढे डिझेल संच, त्यांचे इंधन आणि नियमित चाचण्या हा खर्च बहुतेक विमानतळ करत नाहीत. म्हणून विमान उतरवता येते, पण उतरलेल्या माणसांचे पुढे काही करता येत नाही.

प्रश्न : त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले विमान परत मुंबईला आले आणि दिल्लीचे फ्रँकफर्टला उतरले. असे का? (वाचक, डोंबिवली)

एअर इंडियाच्या या दोन्ही विमानांबाबत तसे झाले. असा निर्णय घेताना पाहतात ते असे : विमान वाटेत कुठे आहे, इंधन किती उरले, कर्मचाऱ्यांचे कामाचे तास किती शिल्लक आहेत, आणि जिथे उतरणार तिथे मोठे विमान उभे करायला जागा आहे का. पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि वर अर्ध्या तासाचा साठा विमानात असतोच. त्यामुळे आकाशातल्या प्रवाशाने घाबरण्याचे कारण नाही. जागा मात्र फार लवकर संपतात. त्या रात्री हीथ्रोकडे शंभरावर विमाने निघालेली होती आणि लंडनच्याच गॅटविक विमानतळाला एका वेळी एकच धावपट्टी वापरात असते.

फ्रँकफर्टसारख्या ठिकाणी उतरलात तर एक अडचण येते. ब्रिटनचा व्हिसा शेंगेन देशांत (जर्मनीसह युरोपातल्या, एकच सामाईक व्हिसा असलेल्या देशांत) चालत नाही. सीमेवर अपवाद म्हणून व्हिसा देण्याची सोय आहे, पण तो तुमचा हक्क नाही. त्यामुळे रात्र विमानतळाच्या आतच काढावी लागू शकते. पांघरूण, औषधे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत हवा तो यासाठी.

प्रश्न : उड्डाण रद्द झाले तर पैसे कसे आणि किती मिळतात? (वाचक, पणजी)

पहिली सूचना : घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. तुम्ही रद्द केलेत तर तो तुमचा निर्णय ठरतो आणि तिकिटाच्या अटींप्रमाणे पैसे कापले जातात. कंपनीने उड्डाण रद्द केल्याचा संदेश येऊ द्या, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि मग पूर्ण परतावा की दुसरे उड्डाण हे ठरवा.

ब्रिटनमधून सुटणारे प्रत्येक उड्डाण, कंपनी कोणतीही असो, तिथल्या नियमाखाली येते. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाची भरपाई ५२० पौंड आहे, पण उपकेंद्राची आग कंपनीच्या ताब्याबाहेरची असल्याने ती मिळत नाही. जेवणखाण, रात्रीचे हॉटेल आणि तिथवरची ने-आण मात्र कंपनीला द्यावीच लागते. अनेक जण इथेच फसतात. ‘आमची चूक नाही’ असे काउंटरवर ऐकले की परत फिरतात. हॉटेल मिळाले नाही तर साधेसे स्वतः घ्या आणि प्रत्येक पावती जपा. दारूचे आणि चैनीचे बिल मंजूर होत नाही.

मुंबईहून लंडनला जाताना ब्रिटिश कंपनीचे विमान असेल तर हाच नियम लागतो. भारतीय कंपनीचे असेल तर डीजीसीएचे (भारताच्या हवाई वाहतूक नियामकाचे) नियम पाहा. लंडनहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ते चुकल्याची जबाबदारी पहिली कंपनी घेत नाही. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर ठेवा.

प्रश्न : बॅग आत गेली आणि उड्डाण रद्द झाले. बॅग कुठे शोधायची? (वाचक, कोल्हापूर)

पट्टे बंद असताना बॅग बाहेर येत नाही, तेव्हा तिथे ताटकळू नका. बोर्डिंग पासवर चिकटवलेला बॅगेचा क्रमांक लगेच मोबाइलवर टिपून घ्या आणि विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार, म्हणजे पीआयआर, नोंदवा. बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि फुटली असेल तर ७ दिवसांत लेखी दावा करायचा असतो.

प्रश्न : सत्तरीच्या आईवडिलांना एकटे पाठवतो आहोत. वडिलांना इन्सुलिन आहे. वीज गेली तर काय जवळ असावे? (वाचक, नाशिक)

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे लागते. वापरात असलेले पेन खोलीच्या तापमानाला, साधारण ३० अंशांच्या आत, बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे टिकते. नेमके किती ते खोक्यावर पाहा. डॉक्टरांची चिठ्ठी, तीन दिवसांची जादा औषधे आणि साखर उतरली तर खायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर सोबत द्या.

वीज गेली की सेन्सरचे नळ आणि संडासातले आपोआप येणारे पाणीही बंद पडते. तपासणीनंतर पाण्याची बाटली भरून घ्यायला सांगा. कार्डाची यंत्रे बंद असतात, म्हणून वीस-तीस पौंडांच्या सुट्ट्या नोटा द्या. व्हीलचेअर मागितली असेल तर लिफ्टविना कोणत्या जिन्याने उतरवणार हे आधी विचारायला सांगा. दरवाज्यापर्यंत येणारा पूलही मोटरवर चालतो, त्यामुळे शिडी लागेपर्यंत विमानातच बसावे लागते. अटलांटाला लोक असे कित्येक तास बसून होते.

पॉवर बँक १०० वॅट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे २०,००० एमएएचची (७४ वॅट-तास) बिनदिक्कत. तीही हातातल्या बॅगेत. विमानात तिच्यावर फोन चार्ज करायला अनेक कंपन्या मनाई करतात. मुलाचा नंबर, तिकिटाचा पीएनआर आणि लंडनचा पत्ता कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, फोन बंद पडला तरी तो कागद कोणालाही दाखवता येतो.