अपघातानंतर भावाच्या कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. ते परत कधी बसवतात? (कोल्हापूर)

पोटातलं हाड ऐकून घाबरू नका, ही नेहमीची पद्धत आहे. मार लागल्यावर मेंदू सुजतो, कवटी मात्र पसरत नाही, म्हणून तुकडा काढून जागा करून देतात. पोटाच्या चरबीत तो सुरक्षित राहतो. काही ठिकाणी उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात.

सूज उतरली, जखम भरली की साधारण 6 आठवडे ते 6 महिन्यांत परत बसवतात. उगाच लांबवू नका. हाड काढलेल्या जागी पडलेला खड्डा आत ओढला गेला की काहींना उभं राहिल्यावर डोकेदुखी, चक्कर, हातापायात अशक्तपणा येतो. हाड बसवल्यावर बऱ्याचदा फरक पडतो. हाड झिजलं किंवा इन्फेक्शन झालं तर टायटॅनियमची जाळी, नाहीतर सीटी स्कॅनवरून बेतलेली प्लेट.

तोवर हाड काढलेल्या बाजूच्या कुशीवर झोपवू नका. बाहेर नेताना कोणतं हेल्मेट घालायचं ते सर्जनला विचारा. आणि भेटायला येणारे पाहुणे खड्डा चाचपून बघतात (बघतातच!), त्यांना तोंडावर नाही म्हणा.

खर्चासाठी सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला गाठा. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन आणि प्लेट दोन्ही बसतं का, हे आधीच विचारा. खड्डा अचानक टम्म फुगला, ताप किंवा फिट आली, तर तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना.