हत्तीपायावर दुधीचा रस द्यावा का?

ताई, आईंचा हत्तीपायाच्या गोळ्यांचा कोर्स झाला, सूज मात्र हटत नाही, आणि शेजारच्या काकू दुधी-कोहळ्याचा रस रोज अनशापोटी द्यायला सांगतात, 'लिम्फ साफ होतं' म्हणून. द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

आवडत असेल तर द्या, पण सूज उतरेल या आशेवर नको. रसातलं पाणी, साखर, क्षार आतड्यातून सरळ रक्तात जातात. आतड्यातल्या लसीकावाहिन्यांनी (लिम्फ म्हणजे लसीका, शरीरातला जादा द्रव, वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) जातात ते मुख्यतः स्निग्ध पदार्थ. म्हणजे त्या वाटेशी दुधीपेक्षा तुपाचाच संबंध जास्त! पायातल्या लसीकावाहिन्या जंतांमुळे रुंदावून निकामी झालेल्या असतात. गोळ्यांनी जंत आटोक्यात येतात, जुनी सूज त्यांनीही सहसा पूर्ण जात नाही.

रस द्यायचाच तर दुधीची फोड आधी स्वतः चाखा. जराही कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या, भाजीलाही वापरू नका. कडू दुधीने रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. 2010 मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. कारल्याच्या रसात मिसळून तर मुळीच नको, कडूपणा कुठला ते कळतच नाही. आईंना मधुमेह असेल तर चोथा टाकून रस पिण्यापेक्षा भाजी बरी.

खरा फरक पडतो तो पाय धुण्याने, आणि नेमका तोच कंटाळवाणा वाटतो. रोज साधा साबण आणि साधं पाणी, गरम नको. घासायचं नाही, हाताने हलकेच. कातडीच्या घड्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत मऊ सुती कापड घालून टिपून घ्या. ओल तिथेच राहते, चिखल्या होतात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. मग थंडी-ताप, लाल दुखरा पाय. असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. चिखल्या दिसल्या तर डॉक्टरांकडून मलम घ्या. बसताना पाय स्टुलावर, झोपताना गादीच्या पायथ्याखाली उशी (हृदयविकार असेल तर आधी विचारा). दिवसातून काही वेळा घोटा वर-खाली, गोल फिरवायला लावा; स्नायू हलले की साचलेला द्रव पुढे सरकतो.

ताप येऊन पाय लाल झाला तर मात्र व्यायाम बंद, चोळणं बंद, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.