हायडॅटिडची गाठ: दुर्बीण की चिरा?

प्रश्न: डिचोलीहून लिहितोय. आईच्या लिव्हरमध्ये ८ सेंमीची हायडॅटिड गाठ निघाली, उजव्या बाजूला, रिपोर्टमध्ये ‘सीई २’ लिहिलंय. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीने करू. दुसरे म्हणतात पोट उघडूनच, दुर्बिणीत पाणी सांडतं. नुसती सुई घालून पाणी काढलं तर भागणार नाही का? आम्ही शाकाहारी आहोत. घरी कुत्रा आहे, पण त्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत.

उत्तर:

‘दुर्बिणीत पाणी सांडतं’ हे वाचलं आणि राहवेना. मी सर्जन नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं देणारी सिस्टर आहे, तेव्हा हत्यारांच्या टेबलाकडून जे दिसतं ते सांगते. तिथून दिसतं ते असं, की पाणी सांडतं ते सक्शन, म्हणजे पाणी ओढून घेणारी नळी, कमी पडल्यामुळे. दुर्बिणीवर उगाच बिल फाडतात.

हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीमुळे होणारी पाण्याची गाठ, आणि ‘सीई’चा आकडा म्हणजे सोनोग्राफीत दिसणारा तिचा प्रकार. सुईचं आधी निकालात काढते. सोनोग्राफीखाली सुई घालायची, पाणी ओढायचं, जंतू मारणारं औषध सोडायचं, थांबायचं आणि पुन्हा ओढून घ्यायचं, याला पेअर म्हणतात. एकच मोकळी पोकळी असेल (सीई १) किंवा आतला पापुद्रा सुटून तरंगत असेल (सीई ३ए), तर ते चांगलं चालतं. सीई २ म्हणजे मोठ्या गाठीत लहान लहान पिल्लं गाठी. प्रत्येकीला वेगळी भिंत, सुई एकीत गेली तरी बाकीच्या तशाच राहतात. म्हणून आईंच्या बाबतीत सर्जरीच.

आता सांडण्याचं. त्या पाण्यात कृमीची सूक्ष्म डोकी असतात. पोटात पसरली तर त्यातल्या कुठल्याही एकापासून नवी गाठ धरू शकते आणि ती काही वर्षांनी दिसते. शिवाय पाण्याने जोराची ॲलर्जी येऊन रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. म्हणून गाठ टोचण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचं, ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरलेलं हवं.

एका शस्त्रक्रियेचं सांगते. अशीच सीई २, यकृताच्या पुढच्या पृष्ठभागावर फुगून आलेली, दुर्बिणीला अगदी सोयीची. गाठीभोवती बेटाडिनचे गॉज रचले होते, पिळून, कारण ठिबकणारा गॉज नुसता चिखल करतो. सक्शन मात्र एकच, ५ मिमीचं. दुसरं मशीन मागितलं तर ‘कशाला गर्दी’ असं उत्तर मिळालं. टोचल्यावर पाणी आलं ते केसरव्हाळच्या झरीसारखं स्वच्छ. पहिल्या पाण्याचा थेंब लघवी तपासायच्या पट्टीवर टाकून बिलिरुबिन नाही ना ते पाहिलं. ही दोन मिनिटांची गोष्ट कधी गाळू नये. पित्त असेल तर गाठ पित्तनलिकेला जोडलेली आहे असं समजायचं आणि औषध आत सोडायचंच नाही, नाहीतर नलिका आतून जळून आक्रसतात. फॉर्मलीन याच कारणाने बाद झालं.

मग सक्शनचा आवाज बदलला. सूं-सूं थांबलं आणि नळी गप्प झाली. आतला पापुद्रा सोललेल्या ताडगोळ्यासारखा असतो, पांढरट आणि बुळबुळीत. तो ५ मिमीच्या तोंडाला चिकटला की संपलं. नळी मोकळी करायला बाहेर ओढली आणि त्या छिद्रातून पाणी बाहेर आलं. तपकिरी गॉज एका कडेला फिका पडत गेला, तेवढ्यावरून कळलं किती सांडलं ते. गॉजने बहुतेक टिपून घेतलं, रुग्ण ठीक राहिला. पण नंतर चहाच्या वेळी निष्कर्ष निघाला तो ‘बघा, दुर्बिणीत सांडतं’ असा. पोट उघडून करताना हीच माणसं बोटाएवढी जाड नळी घेतात, तीही न सांगता. दुर्बिणीच्या वेळी पित्ताशयाच्या ऑपरेशनचा, बारीक नळीचा सेट उघडतात आणि दोष दुर्बिणीला देतात!

बरोबर मांडणी अशी. सक्शन दोन, वेगवेगळ्या मशीनवर. १० मिमीची नळी गाठीच्या आत, दुसरीचं तोंड टोचलेल्या जागेला टेकून, सुरुवातीपासून चालू. कोइमतूरच्या डॉ. सी. पलानीवेलूंनी तर यासाठी खास ट्रोकारच (छिद्रातून पोटात घालायची नळी) बनवला. तो गाठीवर टेकवला की सक्शनने भिंत धरून ठेवतो आणि कडेने येणारं पाणीही ओढून घेतो. तो नसला तरी दोन सक्शनवर उत्तम काम होतं.

औषध म्हणून २० टक्क्यांचं सलाईन वापरायचं असेल तर फार्मसीला आदल्या दिवशी सांगावं लागतं. आयसीयूत सहज मिळते ती ३ टक्क्यांची बाटली, घाईत तीच हातात येते आणि तिने काही मरत नाही. २० टक्क्यांचं निदान १५ मिनिटं आत राहिलं पाहिजे, घड्याळ लावून. पोटात सढळ हाताने ओतायचं नाही, रक्तातलं सोडियम चढतं.

मग गाठीचं छत कापून पिल्लं गाठी एकेक ओढायच्या. पापुद्रा पिशवीत भरूनच बाहेर काढायचा, वापरलेले गॉजही पिशवीतून आणि मोजून. दुर्बीण रिकाम्या पोकळीत घालून कोपरे बघता येतात, हा दुर्बिणीचा खरा फायदा. पांढरा गॉज आत दाबून पाचेक मिनिटं ठेवायचा. पिवळा डाग पडला तर तिथे पित्त गळतंय, ३-० च्या (बारीक) धाग्याने शिवायचं. शेवटी ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा पोकळीत बसवायचा आणि ड्रेन (पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवायचा. नंतर ड्रेनमधून पित्त येत राहिलं तर घाबरू नका, ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट (बारीक नळी) टाकला की बहुतेक वेळा गळती आटते.

गोळ्यांचं विसरू नका. अल्बेंडाझोल सर्जरीच्या आधी सुरू व्हायला हवं, निदान चार दिवस, आणि नंतर काही महिने. सहसा ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, तेही तुपातल्या किंवा खोबऱ्याच्या जेवणाबरोबर. उपाशीपोटी घेतली तर ती पुरेशी शोषलीच जात नाही. मधून मधून पांढऱ्या पेशी आणि लिव्हरच्या तपासण्या करायच्या. नंतर सोनोग्राफी काही वर्षं. रक्ताची ॲंटिबॉडी टेस्ट वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, तिच्यावरून ‘परत आली’ म्हणून रडारड नको.

दोघांपैकी कोणाचं ऐकावं हे मी सांगू शकत नाही, सीटी त्यांनी पाहिलाय, मी नाही. आणि हेही खरं, की गाठ मागच्या बाजूला खोल असेल, वेना केव्हा या मोठ्या शिरेला चिकटली असेल, भिंत चुन्यासारखी कडक असेल किंवा तीनपेक्षा जास्त गाठी असतील, तर पोट उघडा म्हणणारेच बरोबर. तेव्हा जागा विचारा. पुढे, पृष्ठभागावर असेल तर दुर्बिणीवाल्यांना विचारा: सक्शन किती, नळी किती मिमीची, पिशवी वापरणार का, किती हायडॅटिड केलेत. हे विचारल्यावर जे चिडतील त्यांच्याकडे करू नका. संमतीपत्रावर ‘गरज पडल्यास पोट उघडू’ असं असेल, त्यावर सही करा, ते योग्यच आहे.

कुत्र्याचं. गोव्यात रेबीजची लस घरोघर पोचली आहे, पण लशीने पोटातला कृमी जात नाही. त्याला प्राझिक्वांटेलची गोळी लागते, वजनाच्या किलोमागे ५ मिग्रॅ, पशुवैद्याला विचारून आणि ठरावीक काळाने पुन्हा. शाकाहारी असण्याचा इथे काही उपयोग नाही. मटण खाऊन हा आजार होत नाही. कापलेल्या जनावराचं कच्चं लिव्हर-फुप्फुस कुत्र्याने खाल्लं की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, आणि त्याच्या विष्ठेतली अंडी हाताला, कोथिंबिरीला, परसातल्या भाजीला लागून आपल्या तोंडात जातात. तुमचा कुत्रा बाजारात मटणाच्या दुकानामागे हिंडत असेल, तर आधी त्याला बांधा.