हरणासाठी .२४३ की .३०८?

प्रश्न : मुलगा टेक्सासला असतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. पहिली रायफल कोणती घ्यावी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नवख्याला .२४३ विंचेस्टर काडतुसाची रायफल बरी (.२४३ नि .३०८ ही गोळीच्या व्यासाची इंचांतली मापं). तिची १०० ग्रेनची (साधारण साडेसहा ग्रॅमची) गोळी २०० यार्डांपर्यंत तिथल्या व्हाइटटेल हरणाला पुरते आणि खांद्याला धक्का .३०८ पेक्षा बराच कमी. धक्क्याच्या धास्तीनं डोळा मिटतो, चाप हिसकला जातो नि जनावर जखमी होऊन पळतं. घात होतो तो बहुतेक इथेच. गोळी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे आत जाऊन फुलणारी घ्यावी. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी बारीक भोक पाडून आरपार निघते. जनावर आपल्याकडे कूस करून उभं असताना नेम पुढच्या पायामागे, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. पुढे एल्कचा, म्हणजे तिथल्या खूप मोठ्या हरणाचा, विचार असेल तरच .३०८.

आणि सुट्टीत उमरेडकडे चितळ दिसलं, तर फक्त कॅमेरा! आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे.