घरी शिकणाऱ्या मुलीला मैत्रिणी कुठे मिळतील?

तुमची लेक ८ वर्षांची. या जूनपासून तिला शाळेतून काढून तुम्ही घरीच शिकवताय. चित्रकला, अबॅकस, कथक, पोहणं, कीबोर्ड असे पाच क्लास लावलेत, तरी रोज संध्याकाळी ती म्हणते, "माझ्याशी खेळायला कुणीच नाही." सासूबाई तर "पोर एकलकोंडी होणार" म्हणून धास्तावल्या आहेत. आमची दोन्ही मुलं पुण्यात घरीच शिकून मोठी झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सासूबाईंची काळजी उडवून लावू नका. शाळेत रोज तीच तीस-चाळीस मुलं आयती भेटतात. घरी शिकताना तेवढी एक गोष्ट आपल्याला मुद्दाम जमवून आणावी लागते. पण ती क्लास वाढवून जमत नाही. क्लासात मुलं शेजारी बसतात, लक्ष मात्र शिकवणाऱ्या ताईंकडे. तास संपला की खाली गाडी तयार. मैत्री होते ती तास सुरू व्हायच्या आधी आणि सुटल्यावर, चपला शोधताना, एकमेकींच्या बाटलीतलं पाणी पिताना. तोच वेळ आपण धावपळीत कापून टाकतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाचातले तीन क्लास बंद करा आणि एक मैदानी सांघिक खेळ सुरू करा. आठवड्यातले चार-पाच दिवस तेच मैदान, तीच मुलं. आणायला जाल तेव्हा लगेच हाक मारू नका, अर्धा तास बाकावर बसून राहा.

बुजऱ्या मुलांसाठी मला खो-खो सगळ्यात आवडतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण ओळीत, एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा धावतो. पाठीमागून "खो" मिळाल्याशिवाय उठता येत नाही. म्हणजे "मला खेळायला घ्याल का?" असं नव्या मुलीला विचारावंच लागत नाही. ती नुसती बसलेली असली तरी डावात असते, आणि कुणीतरी तिच्या पाठीला हात लावून तिला उठवतंच. आमच्या धाकट्याचं बोलणं तिथेच मोकळं झालं. मुंबईकरांसाठी दादरला शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर आहे, तिथे मल्लखांब शिकता येतो. पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन १९८५ पासून मुलांच्या खेळण्यासाठीच चालू आहे, तिथेही चौकशी करा.

आता वेळापत्रक. तुम्हाला सकाळ मोकळी असते, पण बाकीची मुलं तेव्हा शाळेत असतात. साडेपाच ते साडेसात हीच त्यांची खेळायची वेळ. त्या वेळात घरी अभ्यास नको आणि खेळ सोडून दुसरा क्लासही नको. सुट्ट्यांचंही तेच. घरी शिकणारी कुटुंबं गर्दी टाळायला सप्टेंबरात नाहीतर जानेवारीत फिरायला जातात, ते छानच. मात्र दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत शक्यतो घरी थांबा. वर्षभराची दोस्ती त्याच दिवसांत पक्की होते.

दिवाळीचा किल्लाच घ्या. दगड-विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे. यात पाच वर्षांच्या पोरापासून आठवीतल्या दादापर्यंत सगळ्यांना काम असतं. एका वर्षी आमच्या सोसायटीत बुरूज कुणी पाडला यावरून दोन तट पडले. एका तटाने पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला वेगळा किल्ला मांडला. दोन दिवसांत त्यांची माती संपली, मावळे तर सगळे पहिल्या तटाकडे. मग बोलणी झाली आणि वेगळ्या किल्ल्याच्या विटा मूळ किल्ल्याच्या पायऱ्यांना लागल्या. मोठ्यांपैकी कुणीही मध्ये पडलं नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना असं भांडून परत एकत्र येण्याची संधी फार कमी मिळते, कारण घरात भांडण झालं की आई दोन मिनिटांत हजर असते. रक्त येत नाहीये ना, कुणी कुणाला सतत छळत नाहीये ना, एवढं बघा आणि लांब राहा.

जुन्या शाळेतल्या दोघी-तिघींना धरून ठेवा. वाढदिवसाच्या मोठ्या पार्टीपेक्षा दर शनिवारी एकीला जेवायला बोलावणं जास्त कामी येतं. त्यांच्या आयांना आधी फोन करा, चाचणी परीक्षेचा आठवडा टाळा.

अजून एक. लिफ्टमध्ये कुणीतरी काकू "कितवीत गं तू?" विचारतात आणि पोर आईकडे बघते. तिला साधं उत्तर तयार करून द्या: "मी घरी शिकते. वयाने तिसरीत." पुढचे प्रश्न आले तर ते तुम्ही घ्या.

एकच जवळची मैत्रीण असणं पुरेसं आहे. स्वभावाने शांत मुलीला दहा जणींच्या घोळक्यात ढकलू नका. पण ती आवडत्या खेळालाही जायचं टाळू लागली, झोप-जेवण बिघडलं, तर मात्र वाट न बघता समुपदेशकांना भेटा.

पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, शाळेत न जाता दहावी करायची असेल तर वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि अभ्यास बराचसा एकट्याने करायचा असतो. तेव्हा त्याच परीक्षेला बसणारी दोन-तीन मुलं शोधून एकत्र अभ्यास लावून द्या. आमच्या मोठीचा असा गट आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसायचा.

आणि हे सगळं करूनही दिवाळीनंतर ती "मला शाळेतच जायचंय" म्हणाली, तर तिचं ऐका. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शाळेबाहेर असलेल्या मुलाला वयाप्रमाणे योग्य वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे, त्यामुळे तिचं वर्ष वाया जाईल या भीतीने तिला अडवून ठेवू नका. सासूबाईंनाही हे आजच सांगा, त्यांची निम्मी काळजी मिटेल.